वालचंदांचा प्रश्न सोलापूरने आता परत विचारायला पाहिजे

सोलापुरात वालचंद हे नाव रोज कानावर पडतं. रिक्षावाला विचारतो वालचंद कॉलेजला का, शेजारचा पोरगा सांगतो डब्ल्यूआयटीला ॲडमिशन झाली आणि त्यातला डब्ल्यू म्हणजे वालचंदच, सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला तर अख्खा महाराष्ट्र नुसतं "वालचंद" म्हणतो. पण 23 नोव्हेंबर 1882 ला याच गावात जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी या माणसाने नक्की काय केलं असं विचारलं की उत्तर एका वाक्यात संपतं, मोठे उद्योगपती होते, जहाज, विमान, मोटार तिन्ही काढलं. मग जयंतीला फोटोला हार आणि व्हॉट्सॲपवर "सोलापूरचा अभिमान". मला हे अजिबात पुरेसं वाटत नाही. नुसता अभिमान बाळगला की त्या माणसाचं म्हणणं काय होतं ते बाजूला राहतं, आणि वालचंदांचं म्हणणं आज सोलापूरच्या पोटापाण्याशी थेट जोडलेलं आहे.

त्यांचं मोटारीबद्दलचं म्हणणं असं होतं की गाडी भारतात जोडली म्हणजे ती भारतात बनली असं होत नाही. आतला पार्ट इथे बनला पाहिजे, तो बनवणारा हात इथला पाहिजे आणि त्यासाठी लागेल ते पाठबळ सरकारने द्यायलाच पाहिजे. आज इलेक्ट्रिक गाड्यांच्या निमित्ताने हाच वाद परत उभा राहिलाय आणि सोलापूरने त्यात तोंड उघडायला पाहिजे, हे मला सांगायचंय.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. वालचंदांचे वडील हिराचंद नेमचंद सोलापुरातले मोठे व्यापारी, कापूस आणि सावकारी. वालचंद शिकले सोलापूर, मुंबई, पुणे असं फिरत, घरच्या पेढीवर बसले पण रमले नाहीत. पेढी सोडून ते लक्ष्मणराव फाटक नावाच्या माणसाबरोबर रेल्वेच्या ठेकेदारीत पडले, फाटक आधी रेल्वेत कारकून होते, हाताशी मोठं भांडवल नाही पण काम माहीत. एक सावकाराचा पोरगा आणि एक माजी कारकून, अशी ती जोडी. तिथून भोर घाटातले बोगदे, पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनी, 1926 ला हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन. त्याआधी 1919 ला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, जिचं एसएस लॉयल्टी हे जहाज 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघालं आणि म्हणून आपण आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. इंदापूर तालुक्यात माळरानावर वालचंदनगर, मालेगावकडे रावळगाव. ही यादी सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेली असते, म्हणून मी तिथे थांबत नाही.

मोटारीचं बघा. 1920 च्या दशकात फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघंही भारतात आले होते. जनरल मोटर्सने 1928 ला मुंबईत शिवडीला कारखाना टाकला. कारखाना म्हणजे काय, तर परदेशातून लाकडी खोक्यात सुटे भाग यायचे, इथले कामगार ते जोडायचे, रंग मारायचे, गाडी बाहेर. इंजिन, गिअर, एक्सल, सगळी अक्कल तिकडेच. आपल्या माणसाच्या हातात पाना होता पण तो पार्ट कसा ओततात, कसा घासतात, किती डिग्रीला तापवतात हे त्याला कुणी शिकवत नव्हतं, शिकवायचं कारणच नव्हतं. सर विश्वेश्वरय्यांनी 1935-36 च्या सुमाराला युरोप-अमेरिका फिरून भारतात मोटार बनवायची योजना तयार केली आणि वालचंद त्यांच्याबरोबर उभे राहिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार होतं, त्यांनी मदतीची तयारी दाखवली. दिल्लीच्या इंग्रज सरकारने मात्र दाद दिली नाही. वालचंद 1939 ला स्वतः अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, जनरल मोटर्सशी जमलं नाही, शेवटी क्रायस्लर तयार झाली. युद्ध सुरू झालं आणि मशिनरी आणायची तर सरकारची परवानगी पाहिजे, ती मिळेना, मोटारीचा कारखाना युद्धाच्या कामाचा आहे हे मानायलाच सरकार तयार नव्हतं. सैन्याला ट्रक लागत होते आणि ते बाहेरून येत होते, तरीसुद्धा.

याच प्रवासात परत येताना विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली, जो चीनमध्ये विमानांचा धंदा करत होता, आणि त्या गाठीतून डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानच्या मदतीने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली, तीच पुढे एचएएल झाली. ज्या माणसाने देशाला विमानाचा कारखाना दिला त्याच्या गावाला प्रवासी विमानासाठी किती ताटकळावं लागलं ते सोलापूरकरांना सांगायला नको. विमानांच्या वाटेत येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद, 2023 च्या जूनमध्ये ती पाडली, मग जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं. असो.

विमानाच्या कारखान्याला सरकारने पैसा घातला कारण तिथे युद्धाची गरज दिसत होती, आणि 1942 ला तो ताब्यातही घेतला. मोटारीला मात्र थांबावं लागलं. वालचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची नोंदणी 1944 ला झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या 1947 ला निघाल्या. डॉज, प्लायमाउथ, डिसोटो. त्या पण सुरुवातीला जोडलेल्याच होत्या हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे, नाहीतर आपण इतिहासाची पोथी करून टाकतो. फरक हेतूत होता. प्रीमियरला जोडणीवर थांबायचं नव्हतं, एकेक पार्ट इथे बनवत पुढे सरकायचं होतं, आणि शिवडीच्या कारखान्याला तसं करायची काही गरज नव्हती. 1953 ला टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून स्वतंत्र भारताच्या सरकारने सांगितलं की ज्यांच्याकडे इथे उत्पादन करायचा कार्यक्रम आहे तेच राहतील, नुसती जोडणी करणारे जातील. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघंही गेले. ते बघायला वालचंद नव्हते. 1949 ला त्यांना पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी ते कारभारातून बाजूला झाले आणि 8 एप्रिल 1953 ला गुजरातेत सिद्धपूरला वारले. पुढचं सगळं भावांनी आणि पुतण्यांनी बघितलं.

मग फियाट आली. आधी ती गोलमटोल डुक्कर फियाट, मग 1100 डिलाइट, मग 1970 च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. या गाडीचं बॉनेट उघडलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन, हात घालायला चारी बाजूंनी जागा. वरचं कव्हर काढलं की रॉकर एका ओळीत दिसतात, खाली ब्लॉकमध्ये कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा फिरतो, त्याचे उंचवटे पुशरॉडला ढकलतात, पुशरॉड रॉकरला, रॉकर व्हॉल्व्हला म्हणजे इंजिनाच्या झडपेला. टॅपेट सेट करायचं, म्हणजे तिथली फट मापात ठेवायची, तर मिस्त्री फीलर गेजची पातळ पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे सरकवणार, ती हलकी अडकत सरकली की बरोबर, सैल गेली की टकटक आवाज येणार, घट्ट झाली की व्हॉल्व्ह जळणार. पुस्तक न वाचता नुसत्या बोटांच्या स्पर्शावर हे करणारे मिस्त्री सोलापुरात होते, आजही थोडे आहेत. उंचवटा झिजला की गाडी ओढायची नाही, मग शाफ्ट काढायचा, लेथवाल्याकडे न्यायचा, तो हातात धरून उजेडाकडे फिरवून बघणार आणि सांगणार, मालक, हा गेला, नवीन टाका. गाडी इथे बनत होती म्हणून पार्ट मिळत होता, पार्ट मिळत होता म्हणून दुरुस्तीचं ज्ञान गल्लीपर्यंत पोचलं. जोडणीच्या गाडीने हे झालं नसतं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांनी हीच गाडी इतकी वर्षं चालवली त्याचं कारण हेच, कुठल्याही नाक्यावर ती उघडता यायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

आता दुसरी बाजू, आणि ती पण तितक्याच मोठ्याने सांगितली पाहिजे. ज्या संरक्षणासाठी वालचंद आयुष्यभर भांडले ते मिळाल्यावर त्याचं काय झालं? स्पर्धाच नाही, लायसन्सशिवाय गाड्यांचा आकडा वाढवता येत नाही, फियाट बुक केली की माणूस वर्षानुवर्षं नंबरची वाट बघतोय, आणि गाडी मात्र आहे तशीच. इटलीत ते मॉडेल कधीच बंद झालेलं, आपण 2000 सालापर्यंत तेच बनवत बसलो. डिसेंबर 1983 ला मारुती 800 आली आणि काही वर्षांतच लोकांनी पाठ फिरवली, त्यात लोकांचं काय चुकलं. पुढे प्यूजो या फ्रेंच कंपनीबरोबरचा प्रयोग बसला, कुर्ला गेलं, कंपनी आकसत आकसत संपली. दोष सरकारचा किती आणि कंपनीचा किती यावर भांडता येईल, मला दोघांचा वाटतो. सरकारने दार बंद करून दिलं पण आत बसलेल्याला विचारलं नाही की बाबा या वर्षी काय सुधारलंस. कोरियाने पण आपल्या मोटार कंपन्यांना संरक्षण दिलं होतं, पण सोबत निर्यातीसाठी सतत मागे लागलं. हुंडईच्या गाड्या आज आपल्याच रस्त्यावर किती आहेत ते मोजून बघा.

म्हणून वालचंदांचा वारसा म्हणजे नुसती स्वदेशीची घोषणा असं जे कोणी सांगतं ते मला अर्धवट वाटतं. अर्धा वारसा त्यांच्या मागणीत आहे, उरलेला अर्धा ती मागणी पुरी झाल्यावर काय बिघडलं त्यात आहे.

आणि आता सोलापूर. नेहमी विचारलं जातं की एवढा मोठा माणूस इथला, मग कारखाना कुर्ल्यात का, इथे का नाही? काही जण यात गावाशी तुटलेपणा शोधतात. मला ते पटत नाही. 1940 च्या दशकात सुरुवातीचे सगळे भाग बोटीने येणार होते, बंदर मुंबईला, गिऱ्हाईक मुंबईला, बँका मुंबईला. सोलापुरात गिरण्या होत्या, 1877 पासूनची जुनी मिल, मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, कापूस इथे पिकत होता म्हणून गिरण्या इथे आल्या. मोटारीचा कच्चा माल इथे पिकत नव्हता. तेव्हाचं गणित तसं होतं आणि त्या गणितात सोलापूर बसत नव्हतं.

पण ते गणित कायमचं नव्हतं हे याच गावाने नंतर दाखवून दिलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत 1992 ला सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आज जगातल्या मोठ्या कॅमशाफ्ट उत्पादकांमध्ये मोजली जाते. तोच कॅमशाफ्ट, जो फियाटच्या पोटात फिरायचा. बंदर नाही, मोठी बाजारपेठ नाही, पाण्याची बोंब, तरी इथे ओतलेले शाफ्ट परदेशी इंजिनात जाऊन बसले, आणि ज्यांच्याकडे हा माल गेला त्यात फोर्ड आणि जनरल मोटर्स ही दोन्ही नावं आहेत. ज्या दोन कंपन्यांशी वालचंदांचं जमलं नव्हतं त्याच. हे वाचताना मला खरंच भरून येतं. मोठ्या गाडी कंपनीशिवाय, नुसत्या एका पार्टच्या जोरावर, विडी आणि चादरीचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहराने हे केलं. वालचंदांची आठवण कुठे ठेवायची असं कोणी विचारलं तर मी आधी या फाउंड्रीकडे बोट दाखवेन, कॉलेजच्या कमानीकडे नंतर.

आता खरी काळजी. इलेक्ट्रिक गाडीत कॅमशाफ्ट नसतो. व्हॉल्व्ह नाही, पिस्टन नाही, टॅपेट नाही. पेट्रोलच्या इंजिनात शेकडो हलणारे भाग, विजेच्या मोटरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कंपनीने स्वतः इलेक्ट्रिकच्या दिशेने पावलं टाकलीत हे चांगलंच आहे, पण एका कंपनीने काय करायचं ते करून झाल्यावर गावाचं काय? चिंचोळी एमआयडीसीत आणि अक्कलकोट रोडला छोटे छोटे वर्कशॉपवाले आहेत, लेथ, ग्राइंडिंग, पॅटर्न बनवणारे, डाय बनवणारे, त्यांना उद्या कोणतं काम मिळणार हे कोण सांगणार आहे?

आणि देशात इलेक्ट्रिकच्या नावाखाली बरंच काही जे चाललंय ते मला शिवडीची आठवण करून देतं. बॅटरीचे सेल बाहेरून, मोटरीतलं चुंबक बाहेरून, कंट्रोलर बाहेरून, इथे बॉडी आणि स्टिकर. फेम योजनेत केंद्राने अट घातली होती की सबसिडी पाहिजे तर ठराविक भाग भारतात बनवा, तरी काही स्कूटर कंपन्यांनी आयात भाग वापरून सबसिडी घेतल्याचं निघालं आणि सरकारला पैसे परत मागावे लागले. म्हणजे 1953 ला जे आपण ठरवलं होतं, नुसती जोडणी चालणार नाही, ते सत्तर वर्षांनी परत शिकावं लागतंय. वालचंद आज असते तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं असतं सेल कोण बनवतंय. गाडीवर तिरंग्याचा स्टिकर आहे का हे त्यांनी विचारलं नसतं.

यावर एक आक्षेप मला माहितीय, तो माझे मित्रच घेतात. ते म्हणतात जग उघडं झालंय, जिथे स्वस्त मिळतं तिथून घ्यायचं, सगळंच स्वतः बनवायचा हट्ट म्हणजे परत पद्मिनीचं युग. आक्षेपात दम आहे, मी तो उडवून लावत नाही. पण 2021 च्या आसपास चिपा मिळेनात म्हणून तयार गाड्या कारखान्यात उभ्या राहिल्या, हे सगळ्यांनी बघितलं. आणि सोलापूरचा कॅमशाफ्ट हेच त्या आक्षेपाचं उत्तर पण आहे, कारण तो इथे बनतो आणि जगाच्या बाजारात भावाने आणि दर्जाने टिकतो, दार बंद करून नाही. मला सगळं बनवायचं नाहीये. आपल्याला जे जमतं, धातू ओतणं, अचूक घासणं, मापात ठेवणं, त्याला विजेच्या गाडीत जागा कुठे आहे ते शोधायचंय. मोटरीचा शाफ्ट लागतोच, तिचं ॲल्युमिनियमचं घर लागतं, रिडक्शन गिअर लागतो, बॅटरी थंड ठेवणाऱ्या प्लेटा लागतात. हे काम आजच्या फाउंड्री आणि मशिन शॉपपासून फार लांब नाही. पण नवीन डाय, नवीन टेस्टिंगची मशिनं, हे छोट्या वर्कशॉपवाल्याला एकट्याला परवडत नाही, आणि इथेच सरकारचं काम सुरू होतं.

माझं म्हणणं असं आहे की सोलापुरात एक सार्वजनिक टूल रूम पाहिजे. केंद्राची अशी केंद्रं देशात आहेत, आपल्या राज्यात संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे आणि तिथल्या ऑटो उद्योगाला तिचा काय उपयोग झाला ते तिथल्या उद्योजकांना विचारा. महागडी मशिनं एका जागी, भाडं भरून कुणीही वापरायची, पोरांनी तिथेच शिकायचं. दर वर्षी डब्ल्यूआयटी आणि बाकीच्या कॉलेजांतून मेकॅनिकलची पोरं बाहेर पडतात आणि सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जातात, चाकणला कुणाच्या तरी लाइनवर उभी राहतात. त्यांच्या आईवडिलांना विचारलं तर म्हणतात इथे आहे काय. त्यांना खोटं पाडायचं असेल तर भाषणाने होणार नाही. इथे मशिन पाहिजे आणि मशिनवर काम पाहिजे.

आणि ही मदत फुकट नको, हे मी मुद्दाम लिहितो कारण पद्मिनीचा धडा तोच आहे. ज्याने सवलत घेतली त्याने ठरलेल्या मुदतीत ठरलेला दर्जा गाठायचा, बाहेर माल विकून दाखवायचा, नाही जमलं तर सवलत बंद. कामगाराला कायम करायची अट पण त्यातच टाका. सोलापूरने गिरण्या बंद पडताना बघितल्यात, कामगारांची देणी किती वर्षं अडकली ते या शहराला कुणी सांगायची गरज नाही.

जागेचा प्रश्न काढतील. बंद गिरण्यांच्या जागांचं काय झालं ते आपण बघितलंय, प्लॉट पडले, चिमण्या गेल्या. एमआयडीसीत आजही बंद पडलेले गाळे आहेत, त्यातले काही ताब्यात घेता येतील. पैशाचा प्रश्न काढतील, तर चौक सुशोभीकरणावर आणि स्वागत कमानींवर आपण किती खर्च करतो ते पालिकेच्या बजेटमध्ये बघून घ्या. पुतळ्याला माझा विरोध नाही, ज्यांना बसवायचाय त्यांनी बसवावा. पण त्याच टूल रूमच्या एका हॉलमध्ये पद्मिनीचं एक इंजिन उभं कापून ठेवा, शेजारी सोलापूरचा आजचा कॅमशाफ्ट, शेजारी इलेक्ट्रिक मोटर उघडी, शाळेतल्या पोरांना हात लावू द्या, पाना हातात घेऊ द्या. वालचंद हिराचंद हे नाव त्या हॉलला द्या.

यात घाईची एक गोष्ट आहे. ज्या मिस्त्रींनी आणि लेथवाल्यांनी ही इंजिनं बोटाच्या अंदाजाने उघडली ते आता सत्तरीच्या पुढे गेलेत. त्यातले काही अजून सकाळी गॅरेजवर येऊन बसतात, काम पोरं करतात, हे फक्त आवाज ऐकून सांगतात कुठे बिघडलंय. त्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही म्हणून कुठलंही कॉलेज त्यांना शिकवायला बोलावत नाही. टूल रूम व्हायला वेळ लागेल हे मला कळतं, डीपीआर म्हणजे प्रकल्प अहवाल, मंजुरी, निधी, सगळं आलं. पण या माणसांना मानधन देऊन आयटीआयमध्ये आठवड्यातून दोन दिवस बोलवायला कुठल्या डीपीआरची गरज आहे? हे पुढच्या सत्रापासून करता येतं, जिल्हा नियोजनच्या पैशातून करता येतं, आणि आमदार-खासदारांकडे आपण पहिली मागणी हीच घेऊन जायला पाहिजे.